ब्रँडचा सौदा कुठल्या यार्डात निघतो?

अण्णांनी चार पानांचं चकचकीत पत्रक कट्ट्यावर ठेवलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर भडंगाचा पुडा. पत्रकाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं: ‘दुबईत स्वतःची कंपनी, कर शून्य’. सांगलीच्या वखारभागातल्या या कट्ट्यावर एरवी संध्याकाळी हळदीचे आणि बेदाण्याचे भाव निघतात. त्या दिवशी दोन तास ऑफशोअर कंपनीवर, म्हणजे कर वाचवायला परदेशात काढलेल्या कंपनीवर, गेले. बोलणारे चौघं: बेदाण्याची निर्यात करणारे अण्णा, बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेले तात्या, ट्रान्स्फर प्रायसिंगचं, म्हणजे एकाच मालकाच्या कंपन्यांनी आपसात लावलेल्या किमती तपासायचं, काम करणाऱ्या सीए अक्का, आणि पुण्यात एका अमेरिकन कंपनीच्या सेंटरात नोकरीला असलेला पिंट्या. बोलणं जसं झालं तसंच लिहितोय, शिव्या तेवढ्या गाळल्यात.

अण्णांचा हिशेब सोपा होता. “इथनं आपल्याच दुबईच्या कंपनीला माल २२० रुपयांनी द्यायचा. ती तिथं २६० नी विकणार. मधले ४० तिथंच राहिले. तिथं कर नाही. झालं की!”

“झालं म्हणजे काय झालं? चोरी झाली,” तात्या म्हणाले.

“चोरी कशी ओ? मोठ्या कंपन्या हेच करत्यात, त्यांना कोण चोर म्हणत नाही.”

अक्कांनी पेन काढलं. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. २० टन माल, म्हणजे २०,००० किलो. किलोमागं ४० रुपये, म्हणजे ८ लाख. अण्णांची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, सवलती सोडून २२ टक्क्यांचा दर घेतलेली. अधिभार-उपकर धरून २५.१७ टक्के. वाचणारा कर साधारण २ लाख.

“आता त्या २ लाखांसाठी काय काय करावं लागतं ते बघा. मी कलमं आणि फॉर्म जुन्या कायद्यातले सांगते हं, १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झालाय आणि आकडे बदललेत, पण गाभा तोच आहे. एका कंपनीत दुसरीची २६ टक्के किंवा जास्त मतं असली, किंवा दोन्हींत एकाच माणसाची तेवढी असली, की त्या एकमेकींच्या सहयोगी झाल्या. तुमच्या दोन्ही कंपन्या तुमच्याच. मग त्यांच्यातला प्रत्येक व्यवहार बाजारभावानंच झालाय हे तुम्ही सिद्ध करायचं, खात्यानं नव्हे. त्यासाठी सीएच्या सहीचा फॉर्म ३सीईबी. पहिल्या रुपयापासून. १ कोटीच्या आत व्यवहार आहे म्हणून सगळी कागदपत्रं ठेवायची सक्ती नसेल, पण हा फॉर्म सुटत नाही. भरला नाही तर १ लाख दंड. व्यवहार दाखवलाच नाही तर व्यवहाराच्या रकमेच्या २ टक्के वेगळे.”

“बाजारभाव म्हणजे कुणाचा?”

“दोन परक्या माणसांत ठरला असता तो. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे ना, तसं समजा. फक्त इथं रुमालाखालचे दोन्ही हात एकाच माणसाचे असतात. म्हणून कायदा म्हणतो, रुमाल काढा, शेजारचा सौदा दाखवा.”

अण्णांनी लगेच धरलं. “पण शेजारच्या सौद्याचा भाव त्यांना कळणार कसा?”

या प्रश्नावर अक्का हसल्या. चर्चेचा खरा धागा इथंच सापडला असं मला वाटतं. “बेदाण्याचा? अण्णा, बेदाण्याचे सौदे तासगावला निघतात, सांगलीला निघतात. कुठल्या प्रतीचा भाव किती फुटला हे दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. शिवाय त्याच महिन्यात त्याच बंदरातून गेलेल्या इतर निर्यातदारांच्या शिपिंग बिलांवर, म्हणजे कस्टमला दिलेल्या निर्यातीच्या कागदांवर, किलोचा दर असतो, आणि तो कस्टमच्या संगणकात असतो. तुमचा माल पकडायला सगळ्यात सोपा. भाव रोज चारचौघांत फुटतो त्या मालात हा खेळ चालत नाही. चालतो तो ज्याचा सौदाच निघत नाही त्या मालात.”

“असला कुठला माल?”

“ब्रँड. पेटंट. सॉफ्टवेअरचं लायसन्स. हेड ऑफिसनं दिलेला सल्ला. समूहातल्याच भगिनी कंपनीनं दिलेलं कर्ज. यांचा भाव कुठल्या यार्डात फुटतो, सांगा.”

पिंट्या इतका वेळ मोबाइलमध्ये होता, त्यानं मान वर केली.

अक्कांनी आधी अण्णांचं संपवायचं ठरवलं. दुबईच्या कंपनीनं खरंच गोडाऊन घेतलं, माणूस ठेवला, गिऱ्हाइकाला ६० दिवसांची उधारी दिली, ती बुडाली तर सोसली, तर त्या ४० रुपयांतले काही रुपये हक्कानं तिचेच. किती, यावरच सगळे खटले चालतात. कायदा थोडी सूट देतो: नुसत्या घाऊक खरेदी-विक्रीला १ टक्का फरक चालतो, बाकीच्यांना ३ टक्के. धुवून, प्रतवारी करून, पेट्या भरून पाठवणारा बहुधा ३ टक्क्यांत येईल. पण २६० च्या मालाला २२० म्हणजे फरक १५ टक्क्यांच्या वर. आणि तिथं गोडाऊन नाही, माणूस नाही, फोन वखारभागातूनच जातात, तर त्या कंपनीच्या वाट्याला काय येणार? बिल लिहिण्याची मजुरी.

“आणि ‘कर शून्य’ हे पण जुनं झालं,” अक्का म्हणाल्या. १ जून २०२३ ला किंवा नंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून संयुक्त अरब अमिरातीत ९ टक्के कंपनी कर आहे, ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर. फ्री झोनमध्ये, म्हणजे तिथल्या खास सवलतीच्या विभागात, शून्य अजून मिळतो, पण अटींवर: हिशेबांचं ऑडिट, तिथं पुरेशी माणसं आणि जागा, आणि उत्पन्न ठरवलेल्या प्रकारचंच. वेगळ्या प्रकारचं उत्पन्न एकूण उलाढालीच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यातलं जे कमी त्याच्या पुढं गेलं की शून्य गेला. त्या वर्षापुरता नाही, पुढच्या चार वर्षांसाठीही. पत्रकात यातलं एक अक्षर नव्हतं. मी चारही पानं उलटून बघितली.

मग तात्यांनी बँकेची बाजू लावून धरली, आणि या बाबतीत त्यांच्याइतकं बारीक कोण सांगत नाही. “पैसे बाहेर न्यायचेत ना? कंपनीतनं नेलेस तर ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंटचा फॉर्म एफसी, बँकेमार्फत, आणि आधी रिझर्व्ह बँकेचा यूआयएन, म्हणजे त्या परदेशी कंपनीचा ओळख नंबर. नंबर नाही तर पैसे जात नाहीत. गेल्यावर सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेत आणून द्यायचं. मग दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचा वार्षिक अहवाल. एक वर्ष चुकलं की विलंबशुल्क, आणि ते निस्तरल्याशिवाय पुढचा डॉलर जात नाही. स्वतःच्या नावानं नेलेस तर वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापणार. परत मिळतो म्हण, पण रिटर्न भरून परतावा येईस्तोवर अडकला.”

“आणि माल गेला, पैसे आले नाहीत तर?”

“शिपिंग बिल निघालं की त्याची नोंद आमच्याकडं आपोआप येते. त्या बिलासमोर पैसे आले की नोंद मिटते, तोवर ती उघडी राहते. उघड्या नोंदी वाढल्या की बँक आधी पत्र पाठवते, मग पुढची बिलं हातात घ्यायला कुरकुर करते. लोक एक हुशारी करतात: पैसे तिसऱ्याच कंपनीकडनं मागवतात. आधीपासनं करार नसेल तर तिथंच अडकतात.” तात्यांनी भडंगाची मूठ भरली. “उलटा खेळही असतो. आयातीच्या नावाखाली पैसे बाहेर. २०१५ साली दिल्लीतल्या एका सरकारी बँकेच्या शाखेतून सुमारे ६,००० कोटी हाँगकाँगला गेल्याचं प्रकरण निघालं. प्रत्येक रक्कम १ लाख डॉलरच्या आत. का? कारण तेवढ्या ॲडव्हान्सला आयातीचा पुरावा लगेच मागायचा नियम नव्हता. चोराला नियम आमच्यापेक्षा चांगला पाठ असतो.”

अण्णा हट्टाला पेटले होते. “बरं, किंमत बरोबर लावतो. नफा तिथं राहू दे. मग?”

“मग तो परत कसा आणणार?” अक्कांनी विचारलं. “लाभांश म्हणून आणलात तर इथं पूर्ण कर. परदेशी उपकंपनीच्या लाभांशाला १५ टक्क्यांची सवलत होती, ती २०२२ च्या अर्थसंकल्पात काढली. म्हणजे कर वाचला नाही, पुढं ढकलला. आणि कंपनी नावाला दुबईची, निर्णय सगळे इथं बसून घेतलेले, तर ती भारतातलीच निवासी कंपनी समजली जाते. प्रत्यक्ष व्यवस्थापनाची जागा बघतात. उलाढाल ५० कोटींच्या आत असेल तर ही तरतूद लावायची नाही असं सीबीडीटीचं, म्हणजे प्रत्यक्ष कर मंडळाचं, २०१७ चं परिपत्रक आहे. तेवढ्यावर खूश होऊ नका, किमतीचा मुद्दा तसाच उभा राहतो.”

“म्हणजे लहान माणसानं करायचं नाही, मोठ्यानं केलं तर चालतंय. असंच ना?”

तात्या यावर ताडकन म्हणाले, “मोठ्यानं केलं तरी चोरीच.” आणि इथून वाद खऱ्या अर्थानं पेटला, कारण अक्कांना ‘चोरी’ हा शब्द मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, चोरी म्हणजे कायदा मोडणं, आणि मोठ्या कंपन्यांना कायदा मोडावा लागत नाही. दोन देशांच्या कायद्यांत जी फट असते तिच्यातून त्या जातात. तात्यांचं म्हणणं, फट ठेवली कुणी?

उदाहरण आयर्लंडचं निघालं. अक्कांनी पत्रकावर चार चौकोन काढले. अमेरिकन कंपनीनं आपलं पेटंट परदेशातल्या विक्रीपुरतं एका आयरिश कंपनीला द्यायचं. ही कंपनी नोंदलेली आयर्लंडमध्ये, पण तिचं संचालक मंडळ बर्म्युडात बसतं, जिथं तेव्हा कंपनी कर नव्हता. आयर्लंडचा कायदा म्हणायचा, कंपनी जिथून चालते तिथली. म्हणून ही बर्म्युडाची. अमेरिकेचा कायदा म्हणतो, जिथं नोंदली तिथली. म्हणून ही आयर्लंडची. दोघंही समजतात की कर दुसऱ्याकडं. दुसरी आयरिश कंपनी युरोपभर माल विकते आणि जवळजवळ सगळा नफा पहिलीला रॉयल्टी म्हणून देते. मधे एक डच कंपनी घालायची, कारण आयर्लंडमधून थेट बर्म्युडाला रॉयल्टी दिली तर तिच्यावर कर कापायला लागायचा; नेदरलँड्सला दिली तर नाही, आणि नेदरलँड्स पुढं जाताना कापत नव्हतं. या वाटेनं गूगलनं एकट्या २०१७ मध्ये १९.९ अब्ज युरो बर्म्युडाला नेले, असं त्यांच्याच डच कंपनीनं दाखल केलेल्या हिशेबात दिसतं. आयर्लंडनं २०१५ पासून नव्यांना ही वाट बंद केली. जुन्यांना २०२० अखेरपर्यंत मुदत दिली.

“सहा वर्षं मुदत! इथं आमचं एक फॉर्मचं पान राहिलं तर...” अण्णांचं वाक्य पूर्ण झालं नाही, चहा आला.

ॲपलचं प्रकरण वेगळं होतं आणि त्यातली गंमत कट्ट्याला जास्त भावली. तिथं आयरिश कंपनीचा नफा दोन भागांत वाटलेला: थोडा आयर्लंडमधल्या शाखेचा, बाकीचा ‘हेड ऑफिस’चा. त्या हेड ऑफिसला ना कर्मचारी, ना जागा, ना कुठल्या देशाचा कर. युरोपीय आयोगानं २०१६ मध्ये काढलेला हिशेब असा की २०१४ साली त्या नफ्यावर प्रत्यक्ष कर ०.००५ टक्के पडला. आयोगानं आयर्लंडला सांगितलं, १३ अब्ज युरो वसूल करा. आयर्लंड कोर्टात गेलं, की आम्हाला हे पैसे नकोत. शेवटी १० सप्टेंबर २०२४ ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं वसुली कायम केली.

“येणी नको म्हणून कोर्टात जाणारा सावकार पहिल्यांदा ऐकला,” अण्णा म्हणाले.

“नको म्हणाले कारण ते एकदाच मिळणार. नोकऱ्या आणि बाकीच्या कंपन्यांचा १२.५ टक्के कर दरवर्षी मिळतो,” अक्का म्हणाल्या. तात्यांना हे पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

पिंट्यानं मधेच विचारलं की एवढा पैसा बेटावर ठेवून करायचं काय, बेटावर आहे काय? हा प्रश्न चांगला होता. तात्यांनी हरिपूरच्या पेवांचं सांगितलं. हळद हरिपुरात जमिनीखाली असायची, पेवाचं तोंड लिंपलेलं. मालक सांगलीत नाहीतर मुंबईत. पेवातली हळद न हलता मालकी कागदावर बदलायची. ऑफशोअरचं उलटं: मालक कागदावर बेटावर, माल मात्र जिथल्या तिथं. ॲपलच्या परदेशी उपकंपन्यांची रोकड न्यू यॉर्कमधल्या बँक खात्यांत होती, हे २०१३ मध्ये अमेरिकन सिनेटच्या चौकशीत निघालं. तरी हिशेबात ती ‘बाहेर’. आत आणली की ३५ टक्के कर, म्हणून त्याच वर्षी एप्रिलमध्ये, सुमारे १४५ अब्ज डॉलर शिल्लक असताना, कंपनीनं भागधारकांना पैसे द्यायला १७ अब्जांचे रोखे विकले. घरात धान्य भरलेलं असून उसनवारी. २०१७ च्या अमेरिकन कायद्यानं दर २१ टक्के केला आणि साठलेल्या परदेशी रोकडीवर एकदाच १५.५ टक्के लावले.

तात्या मग इतिहासात शिरले. ऑफशोअर म्हटलं की लोकांना नारळीची झाडं दिसतात. सुरुवात लंडन शहरात झाली. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या बँका परक्यांकडून डॉलरच्या ठेवी घेऊन परक्यांनाच डॉलरमध्ये कर्ज द्यायला लागल्या. बँक ऑफ इंग्लंडनं ठरवलं, हा धंदा आपल्या नियमांच्या बाहेरचा. अमेरिकेचे नियम लंडनमध्ये चालत नव्हतेच. व्यवहार लंडनच्या टेबलावर आणि कायद्यानं कुठंच नाही. कट्ट्याच्या मानानं हे जरा लांबलं, पण मला वाटतं सगळ्या प्रकरणाची मेख हीच आहे. केमन बेटांवरच्या अग्लंड हाउस या एका इमारतीच्या पत्त्यावर १८,००० च्या वर कंपन्या नोंदलेल्या होत्या, अमेरिकेत डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या एका बसक्या इमारतीत अडीच लाखांच्या वर. दुसरी तर अमेरिकेतच आहे.

अण्णांनी आता हुकमाचं पान टाकलं. “आणि व्होडाफोन? सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की कर लागत नाही.”

हे अर्धं खरं. २००७ मध्ये व्होडाफोनच्या डच कंपनीनं हचिसनकडून केमनमधली सीजीपी नावाची कंपनी घेतली, सुमारे ११ अब्ज डॉलरला. त्या कंपनीच्या पोटात कंपन्यांची साखळी आणि साखळीच्या टोकाला भारतातला मोबाइल धंदा. भारतात एकही शेअर विकला गेला नाही. खात्यानं ११,००० कोटींच्या पुढची मागणी काढली, आणि ती काढली विकत घेणाऱ्यावर. लोक हे विसरतात. परदेशी माणसाला पैसे देणाऱ्यानं कर कापून द्यायचा, कापला नाही तर त्याच्याच मानेवर. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्होडाफोनच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी संसदेनं कायदा बदलला, आणि तो मागं १९६२ पासून लागू केला.

“हे मात्र चुकीचं,” अक्का आणि अण्णा एकदम म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांचं जमलं.

“का चुकीचं? धंदा इथला, टॉवर इथले, गिऱ्हाईक इथलं, नफा इथला,” तात्या म्हणाले.

“पुढच्यासाठी बदला की. खेळ संपल्यावर नियम बदलला तर पुढं खेळायला कोण येणार?” शेवटी तेच झालं. सप्टेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं व्होडाफोनच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबरमध्ये त्याच तरतुदीत अडकलेल्या केर्न एनर्जी या कंपनीच्या बाजूनं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं मागच्या तारखेची वसुली मागं घेतली. पण पुढच्यासाठीचा नियम टिकला: परदेशी कंपनीच्या शेअरची निम्मी किंवा जास्त किंमत भारतातल्या मालमत्तेतून येत असेल आणि ती मालमत्ता १० कोटींच्या वर असेल, तर केमनमध्ये विकलेल्या शेअरवरही इथं कर. अण्णांच्या पानाची धार तिथंच गेली.

मॉरिशसवर फार वेळ गेला नाही, सगळ्यांना ते ठाऊक होतं. १९८२ चा करार, शेअर विकल्याच्या नफ्यावर कर मॉरिशसनं घ्यायचा, आणि मॉरिशसमध्ये असा करच नाही. एप्रिल २००० च्या ७८९ क्रमांकाच्या परिपत्रकानं सांगितलं की तिथल्या सरकारचा निवासी दाखला असला की पुरे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरना ही सवलत नाही. मधल्या काळात इथलाच पैसा तिकडून गोरा होऊन परत आला, हे तात्यांचं म्हणणं कुणी खोडलं नाही. आता सरकारनं गांधीनगरजवळ साबरमतीकाठी आपलंच एक बेट काढलंय, गिफ्ट सिटी. परकीय चलनाच्या कायद्यापुरती तिथली वित्तसंस्था परदेशी समजतात. तात्या म्हणाले, “बेट करायला समुद्र लागत नाही.”

पिंट्याला आपल्या कंपनीचं कोडं पडलं होतं. कोड पुण्यात लिहितात, पेटंट मात्र आयर्लंडच्या नावावर, हे कसं? अक्कांचा हा रोजचा विषय. पुण्याचं सेंटर म्हणजे मजुरीवर काम करणारी कंपनी. खर्च अधिक काही टक्के, एवढाच तिचा महसूल. २०१७ च्या सेफ हार्बर नियमांत सॉफ्टवेअर सेवांना खर्चावर १७ ते १८ टक्के नफा दाखवला की खातं प्रश्न विचारणार नाही असं ठरवलं होतं, कंत्राटी संशोधनाला २४ टक्के. त्या दरानं १०० रुपये खर्च असेल तर ११८ चं बिल, १८ वर इथं कर. त्या कोडमधून जगभर हजार रुपये मिळाले तरी पुण्याचे अठराच.

“हे तर द्राक्षं आमची आणि बेदाणा त्यांचा,” अण्णा म्हणाले.

“बरोबर. आणि ते मान्य व्हायला एक अट आहे: महत्त्वाचे निर्णय, पैसा आणि जोखीम खरंच त्या परदेशी कंपनीकडं पाहिजे. २०१३ च्या परिपत्रकात सीबीडीटीनं हे लिहिलंय. निर्णय पुण्यातला माणूस घेत असेल, ई-मेलवर दिसत असेल, तर अठरावर भागत नाही. आम्ही आधी हुद्दे बघतो. पुण्यात बसलेल्याच्या कार्डावर ‘ग्लोबल हेड’ छापलेलं असलं की पुढं वाद ठरलेला.” पिंट्यानं कुणाच्या कार्डावर काय छापलंय ते सांगितलं नाही.

त्याचं स्वतःचं गणित निराळं निघालं: नोकरीतून अमेरिकन शेअर मिळतात, त्याचं काय? अक्कांनी थेट सांगितलं, सगळ्या चर्चेत या कट्ट्यावरच्या माणसाला प्रत्यक्ष लागू होणारं हेच. परदेशी शेअर असेल तर रिटर्न-१ चालत नाही, रिटर्न-२ लागतं, आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेची यादी. ही नोंद आर्थिक वर्षाची नाही, जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षाची; निम्मे लोक इथं चुकतात. वर्षातली सर्वात जास्त किंमत, वर्षअखेरची किंमत, मिळालेला लाभांश, सगळं स्टेट बँकेच्या टीटी बाइंग, म्हणजे परकीय चलन खरेदीच्या, दरानं रुपयांत. अमेरिकेत लाभांशावर २५ टक्के कापले जातात. त्याची वजावट हवी तर फॉर्म ६७. उत्पन्न शून्य असलं तरी नोंद करायची. न केल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख दंड. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर दंडातून सूट.

“त्यांना कळतं कसं?”

“खातं उघडताना तू पॅन दिलास ना? २०१७ पासून शंभराच्या आसपास देश एकमेकांना खात्यांची यादी आपोआप पाठवतात. स्वित्झर्लंडनं आपल्याला पहिली यादी सप्टेंबर २०१९ मध्ये दिली. अमेरिकेशी वेगळा करार आहे. यादी येते, रिटर्नशी ताडतात, जुळलं नाही की मेसेज.”

तात्यांनी शेवटचा हल्ला केला: मग आता जगानं १५ टक्के किमान कर ठरवलाय, बंद झाला की नाही धंदा? अक्कांनी मान हलवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी मान्य केलं, ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या समूहांना. युरोपात २०२४ पासून लागू, अमिरातीनंही मोठ्यांना २०२५ पासून १५ टक्के लावले. पण जून २०२५ मध्ये जी-सेव्हन देशांनी अमेरिकी मालकीच्या समूहांना बाजूला ठेवायचं कबूल केलं. ज्यांच्यासाठी सापळा लावला, तेच बाहेर. अक्कांचं मत, तरी शून्याची जागा १५ नं घेतली हे कमी नाही. तात्यांचं मत छापण्यासारखं नव्हतं.

अंधार पडत आला. अण्णांनी पुडा उचलला, पत्रकाची घडी घालायला घेतली आणि तिसऱ्या पानावर अक्कांचं बोट पडलं. बारीक अक्षरांत सहावा मुद्दा होता: ‘आपला ट्रेडमार्क दुबईच्या कंपनीच्या नावे करून देऊ, भारतातील कंपनी रॉयल्टी देईल.’

“अण्णा, पेटीवरचं नाव कुणाच्या नावावर रजिस्टर आहे?”

“वडिलांनी काढलेलं. आता कंपनीच्या.”

“ते तिकडं देणार कितीला? फुकट दिलंत तर खातं म्हणेल भाव लावा. भाव लावलात तर त्यावर इथं नफ्याचा कर. आणि उद्यापासून तुमच्याच पेटीवरचं तुमचंच नाव वापरायला तुम्हीच पैसे द्यायचे, त्यावर परत कर कापून.”

अण्णा बराच वेळ तो मुद्दा वाचत राहिले. मग म्हणाले, “नावाची किंमत काय लावायची ओ, अक्का?”

तात्या उठून चप्पल घालत होते. “यार्डात विचार,” ते म्हणाले.